सोन्याच्या डोंगरावरची मंडळी

इ. स. १८५३ च्या नोव्हेंबर महिन्यात सॅन फ्रान्सिस्को शहरात चार चिनी गृहस्थ आणि एक अमेरिकन मिशनरी यांनी मिळून एक ख्रिस्ती मंडळी स्थापन केली. उत्तर अमेरिकेतील ही पहिली चिनी मंडळी होय. त्या वेळी कॅलिफोर्नियात चिनी लोक हजारांनी मोजावे इतके होते; मंडळीत आले ते चौघे. या चौघांना अमेरिकेत कोणी ख्रिस्ती केले नव्हते. आपला धर्म त्यांनी स्वदेशातूनच बरोबर आणला होता. तपशील लहानसा आहे. परंतु पुढील शंभर वर्षांचा सारा पेच त्यात बीजरूपाने साठविलेला आहे. ज्या देशाच्या किनाऱ्यावर ते उतरले, तो देश स्वतःला ख्रिस्ती म्हणवीत होता. त्या देशाने त्यांना चिनी म्हणून तत्काळ ओळखले. धर्मबंधू म्हणून ओळखण्यास मात्र त्याला फार वेळ लागला.

कॅलिफोर्नियात सोने सापडल्याची वार्ता १८४८ साली पसरली आणि अल्पावधीतच ती पॅसिफिक महासागर ओलांडून क्वांगतुंग प्रांतात पोहोचली. कँटन शहराच्या नैर्ऋत्येस चार जिल्हे आहेत. जमीन थोडी, माणसे फार, त्यातच बंडाळ्यांनी गांजलेला तो मुलूख. तेथील तरुण कर्ज काढून, कोणी शेत गहाण टाकून जहाजावर चढू लागले. कॅलिफोर्नियाला त्यांनी ‘गम सान’, म्हणजे सोन्याचा डोंगर, हे नाव दिले. एकट्या १८५२ साली सुमारे वीस हजार चिनी सॅन फ्रान्सिस्कोत उतरले. बहुतेकांचा बेत एकच होता: चार पैसे मिळवावे, कर्ज फेडावे आणि घरी परतून म्हाताऱ्या आईबापांचे पांग फेडावे. त्यांत विवाहित पुष्कळ होते. बायका मात्र गावीच राहिल्या. परदेशात कायमचे घर करण्याच्या इराद्याने आलेला मनुष्य विरळा.

अशा लोकांत काम करण्यासाठी प्रेस्बिटेरियन पंथाने विल्यम स्पीअर यांना पाठविले. स्पीअर यांनी काही वर्षे कँटनमध्ये काढली होती. चीनमध्येच त्यांची पहिली पत्नी वारली, आणि प्रकृती ढासळल्यामुळे त्यांना मायदेशी परतावे लागले. कँटनची भाषा त्यांना अवगत होती. १८५२ साली ते सॅन फ्रान्सिस्कोत आले, तेव्हा आजाऱ्यांना औषधपाणी करणे आणि परक्या भाषेत गोंधळलेल्यांना वाट दाखविणे, याच कामांनी त्यांचा आरंभ झाला. उपदेश त्यांनी केलाच. पण त्यांच्या कार्यातील खरा तेजस्वी भाग उपदेशाच्या बाहेरचा आहे. कॅलिफोर्निया राज्याने १८५२ साली परदेशी खाणकामगारांवर दरमहा तीन डॉलरांचा कर बसविला आणि पुढल्याच वर्षी तो चार डॉलर केला. नाव ‘परदेशी’ असे मोघम. वसुली मुख्यतः चिन्यांकडून. १८५४ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, गोऱ्या मनुष्याविरुद्ध चिनी मनुष्याची साक्ष ग्राह्य धरता येणार नाही. याचा व्यवहारातील अर्थ उघड होता. खाणीवर दरोडा पडला, माणूस मारला गेला, पाहणारे सगळे चिनी असले, तर गुन्हा घडलाच नाही.

स्पीअर यांनी १८५५ च्या आरंभी चिनी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत एक वृत्तपत्र सुरू केले. चिन्यांची बाजू अमेरिकनांना समजावी आणि अमेरिकेतील कायदे चिन्यांना समजावेत, हा त्याचा हेतू. १८५६ साली त्यांनी राज्याच्या विधिमंडळाला उद्देशून एक विनंतीवजा पुस्तिका लिहिली. पुण्यापापाच्या भाषेवर विसंबून न राहता तिच्यात त्यांनी जमाखर्च मांडला. चिन्यांपासून राज्याला किती उत्पन्न होते, व्यापाऱ्यांना किती नफा होतो, हे विधिमंडळाच्या पुढे ठेवले. श्रोत्यांना कोणती भाषा कळेल, हे त्यांनी नेमके ओळखले होते असेच म्हणावे लागेल. पुढल्याच वर्षी प्रकृतीने त्यांना पुन्हा दगा दिला आणि ते सॅन फ्रान्सिस्को सोडून गेले. चौघांची मंडळी पोरकी झाली. १८५९ साली ऑगस्टस लूमिस आले आणि १८९१ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे बत्तीस वर्षे, त्यांनी ते काम चालविले.

मंडळी वाढत का नव्हती? मिशनऱ्यांच्या अहवालांत याचे उत्तर बहुधा ‘मूर्तिपूजेचा अंधकार’ या शब्दांत सापडते. उत्तर सोयीचे आहे; पुरेसे नाही. चिनी वस्तीत प्रत्येक जिल्ह्याचा संघ होता. जहाजावरून उतरलेल्या मनुष्याची पहिली रात्र संघाच्या इमारतीत जाई. काम संघ मिळवून देई, तंटे संघ तोडी, आणि परदेशात देह पडला तर काही वर्षांनी अस्थी उकरून, पेटीत भरून त्या गावच्या मातीत पोहोचविण्याची व्यवस्थाही संघच करी. पितरांना धूप-दीप मिळणे, आपल्यामागे आपल्याला तो मिळणे, यावर चिनी कुटुंबाचा सारा डोलारा उभा होता. ‘पितरांपुढे वाकू नकोस’ असे त्याला सांगणे म्हणजे ‘तू कोणाचा मुलगा नाहीस’ असे सांगण्यासारखेच होते. श्राद्धपक्ष ज्यांच्या घरात आजही पाळला जातो त्यांना ही अडचण अधिक समजावून सांगावयास नको. त्यात काळही विचित्र. ज्या १८५३ साली ही मंडळी स्थापन झाली, त्याच साली चीनमध्ये ताइपिंग बंडखोरांनी नानकिंग जिंकले होते. आणि त्यांचा पुढारी स्वतःला येशू ख्रिस्ताचा धाकटा भाऊ म्हणवीत होता. ‘ख्रिस्ती’ हा शब्द कानी पडताच क्वांगतुंगमधील वडीलधाऱ्यांच्या मनात शांतीची कल्पना येण्याचे कारण नव्हते.

तरीही लोक मिशनच्या दारात येत. ते येत इंग्रजी शिकावयास. दिवसभर धोब्याच्या दुकानात इस्त्री ओढून किंवा गोऱ्यांच्या घरी स्वयंपाक करून थकलेले तरुण रात्रीच्या वर्गाला बसत. मेथडिस्ट पंथाचे ओटिस गिब्सन हे पूर्वी चीनमध्ये राहिलेले. त्यांनी १८७० साली वॉशिंग्टन रस्त्यावर आपली इमारत उभारली आणि काँग्रिगेशनल पंथानेही ठिकठिकाणी शाळा काढल्या. पद्धत सर्वत्र जवळजवळ एकच: आधी अक्षरओळख, मग बायबलमधील वाचन, शेवटी गीत. अक्षरे येऊ लागली, बाजारात बोलण्यापुरते इंग्रजी जमले, की विद्यार्थी दिसेनासा होई. मिशनऱ्यांनी याबद्दल पुष्कळ हळहळ व्यक्त केली आहे. परंतु ज्या राज्यात साक्ष देण्याचा अधिकार नाही, तेथे निदान पाटी वाचता येणे, मालकाने केलेला हिशेब ताडून पाहता येणे, यात त्या तरुणांना जर मुक्तीचा काही अंश दिसला असेल, तर त्यांना स्वार्थी म्हणणे अन्यायाचे होईल. आणि या शेकड्यांतून जे थोडे राहिले, ते खरोखरीच राहिले.

राहिलेल्यांपुढे दुसरा दरवाजा बंद होता. सॅन फ्रान्सिस्कोतील एका काँग्रिगेशनल मंडळीचे पाळक विल्यम पाँड यांनी चिनी नवख्रिस्त्यांना आपल्या मंडळीचे सभासद करून घ्यावे असे ठरविले, तेव्हा मंडळीतच विरोध उठला. शब्बाथ शाळेत चिनी मुलाला शिकविणे हे पुण्यकर्म; त्याच्या शेजारी बसून प्रभुभोजन घेणे ही निराळी गोष्ट. पाँड यांनी राजीनामा दिला आणि १८७३ साली बेथनी नावाची नवी मंडळी स्थापिली. तिच्यात चिन्यांना मज्जाव नव्हता. असे पाळक थोडे. शिवाय जे चिन्यांच्या बाजूने उभे राहिले, त्यांच्या मनातही गुरू आणि शिष्य हे अंतर कायम होते. जी गॅम यांचे उदाहरण घ्यावे. लहानपणी ओकलंडमध्ये एका पाळकाच्या घरी कामाला राहिलेला हा मुलगा तेथेच ख्रिस्ती झाला. त्यांनी शाळा चालविल्या, प्रवचने केली, न्यायालयात दुभाष्याचे काम केले. वीसहून अधिक वर्षे त्यांचा हुद्दा ‘मदतनीस’ हाच राहिला. पाळकाची दीक्षा त्यांना मिळाली ती १८९५ साली. तीन वर्षे आधी, प्रत्येक चिनी मनुष्याने ओळखपत्र बाळगलेच पाहिजे, असा गिअरी कायदा झाला, तेव्हा जी गॅम यांनी ख्रिस्ती चिनी या नात्याने त्याविरुद्ध लेख लिहिला. ख्रिस्ती राष्ट्राने केलेल्या करारांना काही किंमत आहे की नाही, हा त्यांचा प्रश्न होता.

कायद्यांचा हा क्रम सांगितल्यावाचून मंडळीचा इतिहास कळणार नाही. १८६९ साली पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांना जोडणारा लोहमार्ग पुरा झाला. सिएरा पर्वताचे खडक फोडून पश्चिमेकडील भाग तयार करणारे मजूर बहुतांशी चिनी होते. काम संपले, पुढे मंदी आली आणि ‘चिन्यांना हाकला’ ही घोषणा मतपेटीला उपयोगी ठरली. १८७५ च्या पेज कायद्याने चिनी स्त्रियांचे येणे जवळजवळ अशक्य केले. १८८२ च्या कायद्याने मजुरांना बंदी झाली आणि चिन्यांना नागरिकत्व नाकारण्यात आले. बंदी आधी दहा वर्षांची, मग आणखी दहा, शेवटी बेमुदत. १८९० च्या शिरगणतीत अमेरिकेत चिनी लोक १,०७,४८८ होते. १९२० साली ते ६१,६३९ उरले. आणि १८९० मध्ये प्रत्येक स्त्रीमागे सव्वीस-सत्तावीस पुरुष असे प्रमाण होते.

या आकड्यांचा अर्थ मंडळीच्या दृष्टीने काय होतो? मंडळी म्हणजे कुटुंबांचा समूह. बाप्तिस्मा, विवाह, अंत्यविधी या क्रमाने ती वाढते. येथे विवाह नव्हते आणि बालकेही नव्हती. एकटे पुरुष येत, काही वर्षे राहत आणि निघून जात. दहा सभासद मिळवावेत आणि आठ जहाजावर चढताना पाहावेत, असा तो व्यवहार होता. गळक्या घागरीने पाणी भरण्याचे हे काम पाळकांनी पिढ्यान्पिढ्या केले.

कुटुंबे आली ती एका अनपेक्षित वाटेने. चिनी वस्तीत कोवळ्या मुलींची खरेदी-विक्री होत असे. घरकामाच्या नावाखाली कोणी आणलेल्या, कोणी उघड कुंटणखान्यासाठी. प्रेस्बिटेरियन स्त्रियांच्या मंडळाने १८७४ च्या सुमारास अशा मुलींसाठी एक आश्रयगृह काढले. तेथे १८९५ साली डॉनल्डिना कॅमेरून ही न्यूझीलंडमध्ये जन्मलेली पंचवीस वर्षांची तरुणी शिवणकाम शिकविण्यासाठी आली आणि १९३४ पर्यंत राहिली. पोलिसांना बरोबर घेऊन रात्री-अपरात्री ती दारे फोडावयास लावी, छपरांवरून मुलींना बाहेर काढी. मुली तिला ‘लो मो’, म्हणजे म्हातारी आई, म्हणत. आश्रयगृहाची शिस्त कडक होती, आणि चिनी आचारविचारांविषयी तेथे फारसा आदर होता असे म्हणता येत नाही. परंतु तेथून बाहेर पडलेल्या कित्येक मुलींचे विवाह चिनी ख्रिस्ती तरुणांशी झाले आणि त्या घरांतून मंडळीला पहिली मुले मिळाली. याच गृहात आश्रयाला आलेली ताय लिउंग ही मुलगी पुढे एंजल बेटावरील प्रवासी-तपासणी केंद्रात दुभाषी झाली, आणि १९१२ साली अध्यक्षीय निवडणुकीच्या फेरीत तिने मतदान केले. मत देणारी ती अमेरिकेतील पहिली चिनी स्त्री मानली जाते.

जे सभासद जहाजावर चढून गेले, ते मंडळीच्या नोंदवहीतून गेले. तिच्या इतिहासातून गेले नाहीत. कॅलिफोर्नियातील चिनी काँग्रिगेशनल सभासदांनी आग्रह धरला की, आपले बांधव गावी परततात, त्यांची विचारपूस करणारा कोणी तिकडे असावा. त्याप्रमाणे १८८३ साली चार्ल्स हेगर नावाचा तरुण मिशनरी हाँगकाँगला गेला. तेथे त्याची एका विद्यार्थ्याशी ओळख झाली आणि थोड्याच काळात त्याने त्याला बाप्तिस्मा दिला. तो विद्यार्थी म्हणजे सन यत् सेन. धोब्याच्या दुकानांत राबणाऱ्यांच्या आग्रहाने एक पाळक पाठविला जातो आणि त्याच्या हातून चीनच्या भावी पहिल्या राष्ट्राध्यक्षाचा बाप्तिस्मा होतो, हा योगायोग कादंबरीकाराने रचला असता तर टीकाकारांनी त्याला क्षमा केली नसती.

या सूत्राचे दुसरे टोक सॅन फ्रान्सिस्कोतच सापडते. उंग पून च्यू हे १८६६ साली क्वांगतुंगमध्ये जन्मले आणि १८८१ मध्ये, बंदीचा कायदा होण्याच्या ऐन आदल्या वर्षी, अमेरिकेत आले. १८९२ साली धर्मशास्त्राचे शिक्षण पुरे करून ते पॅसिफिक किनाऱ्यावरचे पहिले चिनी प्रेस्बिटेरियन पाळक झाले. लॉस अँजेलिसमधील त्यांचे प्रार्थनास्थान १८९८ साली आगीत गेले. त्यानंतर त्यांनी व्यासपीठ बदलले; वृत्तपत्र काढले, आणि १९०० साली ते सॅन फ्रान्सिस्कोत आणून ‘चुंग साय यात पो’ या नावाने दैनिक केले. पाळकाच्या चौघड्यापेक्षा संपादकाची लेखणी चिनी वस्तीत अधिक दूर पोहोचली. वेणी कापा, मुलींना शिकवा, कायदा वाचा आणि त्याच्याशी झगडा, हे त्यांचे प्रवचन. १९०४ साली डॉ. सन यत् सेन सॅन फ्रान्सिस्कोला आले आणि बंदरावरील कोठडीत अडकले, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी धडपडणाऱ्यांत उंग हे अग्रभागी होते. एक गोष्ट येथे नमूद केली पाहिजे: डॉ. सन यांच्याजवळ आपला जन्म हवाई बेटात झाल्याचे प्रमाणपत्र होते, आणि ते खोटे होते.

खोट्या कागदाचा हा विषय एवढ्यावर संपत नाही. १९०६ च्या एप्रिल महिन्यात भूकंप झाला आणि मागोमाग लागलेल्या आगीत चिनी वस्ती जळून खाक झाली. प्रेस्बिटेरियन मंडळीचे मंदिर गेले, आश्रयगृह गेले, आणि नगरातील जन्माचे दाखलेही गेले. अमेरिकेत जन्मलेला मनुष्य नागरिक ठरतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १८९८ साली एका चिनी तरुणाच्या खटल्यात दिलाच होता. आता, ‘माझा जन्म येथलाच, दाखला जळाला’ असे कोणीही म्हणू शके. आणि नागरिकाला चीनमधील मुलगे आणता येत. अशा रीतीने आलेल्यांना ‘कागदी मुलगे’ म्हणत. एक नाव घरचे, एक सरकारदरबारचे. एंजल बेटावर १९१० ते १९४० पर्यंत अधिकारी त्यांची उलटतपासणी घेत: गावच्या विहिरीपर्यंत पावले किती, शेजाऱ्याचे दार कोणत्या दिशेस. माणसे खोटी उत्तरे पाठ करून येत. सत्य बोलण्याची आज्ञा शिकविणाऱ्या मंडळीत या माणसांनी दर रविवारी बसावयाचे होते. पाळकांनी त्यांना दोष दिला असता तर मंदिर ओस पडले असते, आणि कायद्याने आधी केलेल्या अन्यायाकडे पाहता दोष देणाऱ्याची बाजू भक्कम नव्हती. मौन पाळले गेले. ते मौन घराघरांत पन्नास वर्षे टिकले. १९५६ नंतर सरकारने कबुलीची योजना काढली, तेव्हा कुठे आपले खरे आडनाव कित्येक नातवंडांना कळले.

देशाच्या दुसऱ्या टोकाला, न्यूयॉर्कमध्ये, मंडळी उभी केली ती हुइ किन यांनी. कॅलिफोर्नियात बालपणी आलेला हा मजूर धर्मशिक्षण घेऊन १८८५ साली न्यूयॉर्कला गेला आणि पुढील सुमारे चाळीस वर्षे तेथील चिनी प्रेस्बिटेरियन मंडळीचा आधार झाला. १८८९ मध्ये त्यांनी लुईझ व्हॅन आर्नम या अमेरिकन स्त्रीशी विवाह केला. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने हा विवाह होऊच दिला नसता. त्यांना नऊ मुले झाली. १९०४ साली डॉ. सन यांनी न्यूयॉर्कमध्ये त्यांच्याच घरी मुक्काम केला होता. सहाही मुलींनी चिनी तरुण वरले आणि त्या चीनला गेल्या. अमेरिकेत जन्मलेल्या, आईकडून अमेरिकन असलेल्या या मुलींना शिक्षणाचा उपयोग करण्यास जागा सापडली ती वडिलांच्या देशात. १९३४ साली हुइ किनही चीनमध्येच वारले.

चीन युद्धातील दोस्त असताना, १९४३ साली, बंदीचा कायदा रद्द करण्यात आला. वर्षाला १०५ जणांना प्रवेश, एवढे ते औदार्य. तथापि त्या फटीतून पुढे इतरांनाही वाट मिळाली. १९४६ च्या कायद्याने भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क आणि वर्षाला शंभरांची मर्यादा मिळाली, ती याच मार्गाने. युद्धावर गेलेल्या चिनी-अमेरिकन सैनिकांना आपल्या बायका आणता आल्या आणि चिनी मंडळ्यांत प्रथमच पाळणे मोठ्या संख्येने हलू लागले. १९५२ साली देशात ६६ चिनी प्रॉटेस्टंट मंडळ्या होत्या. शंभर वर्षांचे एवढे फळ. आणि आता अडचण उलटी झाली. आजोबांना इंग्रजी शिकविण्यासाठी ज्या खोल्या बांधल्या, त्याच खोल्यांत नातवंडांना चिनी शिकविण्याचे वर्ग भरू लागले. मुले चिनी प्रवचनाला बसून खिडकीबाहेर पाहत.

१९६५ च्या नव्या कायद्याने दारे खऱ्या अर्थाने उघडली. तैवान आणि हाँगकाँगहून विद्यार्थी आले. विद्यापीठांत शुक्रवारच्या रात्री एकत्र जमून भात शिजवावा आणि बायबल वाचावे, अशा लहान मेळाव्यांतून उपनगरांत नव्या मंडळ्या निघाल्या. यांना मिशनने स्थापिले नव्हते. पैसा त्यांचा, पाळक त्यांचा. १९८९ च्या तिएनआनमेनच्या घटनेनंतर चीनच्या मुख्य भूमीवरील विद्यार्थी मोठ्या संख्येने मेळाव्यांत दिसू लागले. निरीश्वरवादी शाळांतून शिकलेले हे तरुण बाप्तिस्मा घेऊ लागले, आणि शतकाच्या अखेरीस मंडळ्यांची संख्या काही शेकड्यांवर गेली. मंडळी पूर्णपणे चिनी झाली, तेव्हा ‘चिनी’ म्हणजे कोण, हा प्रश्न तिच्या दारात येऊन उभा राहिला. एकाच छपराखाली कँटनी, मँडरिन आणि इंग्रजी अशा तीन उपासना. तैवानचा, मुख्य भूमीचा आणि हाँगकाँगचा मनुष्य राजकारणाचा शब्द निघताच एकमेकांकडे जपून पाहतो. वडील मंडळींना पाळक घरचा वाटतो. मुले विद्यापीठात गेली की बहुतेक परत येत नाहीत. पितरांपुढे धूप न लावणारे हेच ख्रिस्ती लोक आता वसंतातील स्मरणदिनी कबरी झाडतात, फुले वाहतात, आणि किती वाकावे, याविषयी मंडळीत चर्चा करतात.

सॅन फ्रान्सिस्कोतील चौघांची ती पहिली मंडळी भूकंपानंतर स्टॉक्टन रस्त्यावर पुन्हा बांधली गेली, आणि ती तेथेच आहे. थोड्या अंतरावर, सॅक्रामेंटो रस्त्याच्या चढावर, विटांचे आश्रयगृह आहे. १९४२ साली त्याला कॅमेरून हाउस हे नाव मिळाले. तेथे अजूनही नव्याने आलेली चिनी कुटुंबे सल्ल्यासाठी आणि मदतीसाठी येतात.